भिंतीला बोल्ट मारलेलं मेज

मी, हॅल्वर टॉर्गरसन, वय वर्षे ब्याऐंशी, राहणार कॉटनवुड फाटा, मोंटाना, हे माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मेहुणा व्हर्लिन याबाबत वेगळं सांगेल, ते ग्राह्य धरू नये.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक आणि ट्रक पत्नी आयडेला हिला. मुलगी लोर्ना हिला माझ्या कवितांच्या वह्या. तिने त्या वाचाव्यात असा आग्रह नाही, फक्त ओलीत ठेवू नयेत.

कलम २. गॅरेजमधलं काडतुसं भरायचं मेज. ते व्हर्लिनला आपल्या गोठ्यात न्यायचं आहे हे मी जाणतो, म्हणून हकीकत नोंदवतो.

काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचा प्रेस मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी घेतला आणि सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या जुन्या फळकुटावर बसवला. प्रेसचा दांडा ओढला की सगळं पुढे सरके. व्हर्लिन म्हणाला, "दाजी, याच्या गळ्यात पट्टा बांधा, फिरायला निघालंय." हे वाक्य त्याने दर नाताळात जेवताना पुन्हा ऐकवलं आहे.

पुढे आमची एका खोलीची शाळा मोडली, तेव्हा बाईंच्या टेबलाची मेपलची फळी मी आणली. लहानपणी त्याच टेबलाशी उभा राहून मी नदीची कविता म्हणायचो आणि पाचव्या कडव्याशी दरवेळी अडायचो. त्या फळीला जाडजूड पाय लावले, खाली वाळूच्या गोण्या टाकल्या. तरी मेज मागचे पाय उचलायचंच. अखेर भिंतीतल्या लाकडी खांबांत सहा लांब बोल्ट पिळले. मग घर हललं असतं, मेज नाही. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात आयडेलाचं कपबशांचं फडताळ आहे, तेवढं विसरलो.

आठवडाभर प्रत्येक खणखणाटाला ती उठून कपबशा मोजायची. मग सवय झाली. मापाची दांडी हाणून पुंगळीत बंदुकीची दारू पाडली की निळा कप वाजे. लगेच दांडा ओढून गोळी बसवली की ताटल्या किणकिणत. पलीकडे ती विणत बसे.

एका ऑक्टोबरात, शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर, मी अस्वलासाठी कमरेला लावतो त्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरत होतो आणि पाचवं कडवं आठवत होतो. भिंतीपलीकडून ती म्हणाली, "अहो, निळा कप लागोपाठ दोनदा वाजला."

पुंगळीत दुप्पट दारू होती. ती उडवली असती तर हे मृत्युपत्र लिहायला मला हात उरला नसता.

मरणाची मला फारशी भीती नाही. त्यानंतर स्वयंपाकघर किती शांत होईल, याची आहे.

कलम ३. सबब, प्रेस, साचे आणि शिसं व्हर्लिनला. मेज मात्र जागचं हलणार नाही. त्याने दर मंगळवारी इथे येऊन काडतुसं भरावीत. आयडेला "दोनदा" म्हणाली की वाद न घालता पुंगळी रिकामी करावी. पट्ट्याचा विनोद वर्षातून एकदा चालेल.

कलम ४. त्या बोल्टांना बसणारा एकमेव पाना माझ्यासोबत शवपेटीत पुरावा.

स्थळ: कॉटनवुड फाटा. तारीख: १२ सप्टेंबर २०१९.
सही: हॅल्वर टॉर्गरसन
साक्षीदार: ओरेन स्टॅकहाउस, गुरांचे डॉक्टर, विल्मा हेगन, टपालवाल्या बाई.

ता. क. सही त्याच मेजावर केली. त्यासाठी बोलावलेल्या नोटरीबाईंनी शिक्का हाणताच निळा कप वाजला. पलीकडून आयडेलाने विचारलं, "एकदाच मारला ना?"