छोट्या गाडीच्या फलाटावरची ओटी

११ एप्रिल, शनि.
फ्रीगंजात भाजी घेताना सुगनबाई भेटल्या. बाबा स्टेशन मास्तर होते त्या गावच्या. छोटी गाडी, नॅरोगेजची, बंद झाली नि आम्ही उज्जैनला आलो, त्याला किती वर्षं झाली. तरी ओळखलं मला. म्हणाल्या, "बई, टेसन टूट रहा है. गोदाम बनेगा." घ्यायची कोथिंबीर राहूनच गेली. हल्ली तिथे शेळ्या बसतात म्हणे. तरी.

१२ एप्रिल
सारखी आई आठवतेय. गावची मुलगी सासरी निघाली की गाडी यायच्या आत आई पदर खोचून फलाटावर. तांदूळ, नारळ, खण. "माझ्या दारावरून जाते, रिकामी कशी जाऊ देऊ?" मराठी घर आमचं एकटंच. ओटी गावाला दाखवली ती आईनेच.

१४ एप्रिल
सु.बाईंचा फोन. आखातीजला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, नातीचं, पूजाचं लग्न. आणि ऐकावं ते नवलच. गाडी गेली, आई गेली, तरी मुलीला जीपमध्ये बसवण्याआधी फलाटावर नेतात, ओटी भरतात. पाडापाडीआधीची ही शेवटची.
"इस बार आप भरो."
"मेरे ये नहीं रहे, सुगनबाई."
"तो?"
एवढंच. फोन ठेवून दिला बाईने.

१६ एप्रिल
जाऊबाईंजवळ बोलले, तिथेच चुकलं. "विधवेने नव्या नवरीची ओटी? उद्या पोरीचं काही कमीजास्त झालं तर?" राग आला. त्याहून राग याचा, की माझ्याही मनात तेच होतं. हे असते तर दोघींनाही हसले असते.
खण मात्र आणलाय. हिरवा.

२० एप्रिल, सोम.
लग्न काल लागलं, बिदाई आज सकाळी. गेले. स्टेशनाचं छप्पर नाही, बाबांच्या खिडकीत बाभूळ. पूजाने पदर पसरला आणि माझा हात थांबला. सगळं गाव बघतंय.
पूजा म्हणते, "जल्दी करो ना बई, जीपवाला चिल्ला रहा है."
भरली. रडले. पूजा नाही, मीच.
जीप गेल्यावर सु.बाईंनी धाकट्या नातीकडे बोट केलं. "इसकी कहाँ भरोगी?" फलाट राहणार म्हणे, नाही राहणार म्हणे, धड कुणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, देखते हैं.
एखादा नासका निघाला तर म्हणून नारळ दोन नेले होते. एक परत आणला. जाऊबाईंनी संध्याकाळी चटणीला मागितला.
दिला नाही.