नीलव्वाचा डावा डोळा

श्री खंडोबा प्रसन्न

सोलापूर, माघ वद्य पंचमी, शके १८६५

सौ. इरम्मास शिवलिंगप्पाचा अणदूरच्या घरी आशीर्वाद पोचावा. आमी बापलेक खुशाल हाव. नीलव्वा दवाखान्यातली भाकर पोटभर खाती. म्हैस व्याली का?

हे पत्र गुरुजींकडून मोठ्यानं वाचून घे आणि आईला समोर बसव.

डाक्टरसाहेबांनी पोरीच्या डोळ्यात औषध घातलं आणि अंधाऱ्या खोलीत भिंगातून बघितलं. आत पांढऱ्या दोऱ्यागत जंत हाय. उजेड पडला की वळवळतो. मलाबी दाखवला. पोटात गेलेला जंत रगतातून वर चढला, तेबी जत्रंच्या लई आधी, असं ते म्हणाले. जत्रंत तू उधळलेला भंडारा तिच्या डोळ्यात गेला, त्यानं हे झालेलं न्हाय. म्या पुन्हा पुन्हा इचारलं. हळदीनं डोळ्यात जंत होत न्हाय. आई, ऐकलं न्हवं?

आता ठणका कमी हाय. सूजबी उतरंल. त्या डोळ्याची नजर मातुर गेली, ती परत यायची न्हाय. पोरीला अजून सांगितलं न्हाय. आजीच्या सुईत आता दोरा कोण ओवतं, म्हणून ती रोज इचारती.

असला जंत पाण्यातून पोटात जातो, म्हणून प्यायचं पाणी धडप्यातून गाळून घेत जा.

इरम्मा, तू जेवत न्हाईस, असं अणदूरचा माणूस सांगत हुता. जेव. रडू आलं तर पोरीच्या डोळ्यासाठी रड, मीबी रडतो. भंडाऱ्यापायी रडू नगंस.

शिवलिंगप्पा