साडेआठ किलो

३ मार्च, रविवार

आठशे सव्वीस! आठशे सव्वीस कॅलरी जाळल्या आज! टेकडीच्या माथ्यावर पोचले तेव्हा जीव नुसता कंठाशी आला होता, पण मनगटावरच्या घड्याळाने रंगीबेरंगी ठिपके उडवून माझं अभिनंदन केलं. वर एक मुलगी व्यायाम करत होती. ओळख ना पाळख, तरी तिला आकडा दाखवला. "काकू, भारीच!" भारीच म्हणजे काय, भारीच!

वजन सकाळी ८६.५. पाहिजे ७८. किडनीचे डॉक्टर तोंडावर म्हणाले — "रक्त जुळतंय, बाकी सगळं जुळतंय, पण या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही. अठ्ठ्याहत्तरच्या वर असाल तर विषय बंद." मुदत जुलैअखेर. धाकट्या भावाच्या हातात डायलिसिसची सुई जिथे टोचतात ती नस त्यापुढे टिकेलसं त्यांना वाटत नाही. घरात दुसऱ्या कुणाचं जुळत नाही. म्हणजे मीच. साडेआठ किलो. बास.

घड्याळ नवऱ्याचं. "कपाटात पडून होतं, तू तरी वापर."

एवढ्या जाळल्या म्हटल्यावर दोन केळी, लोणी लावलेला पाव आणि मूठभर शेंगदाणे. हक्काचे!

५ मार्च, मंगळवार

धाकट्याजवळ डायलिसिसला बसले होते. चार तास. आठवड्यातून तीनदा तो त्या खुर्चीत असा पडून असतो, हात हलवायचा नाही. एरवी एका जागी पाच मिनिटं न टिकणारा माणूस! नळदुरुस्तीचं काम त्याचं. मशीनकडे बघत म्हणाला, "अर्ध्या शहराचे पाईप मोकळे केले, ताई, आणि माझाच तुंबला." डिसेंबरपासून त्याला लघवीचा थेंब झालेला नाही. दिवसाला एक लिटर पाणी, तेही चहा धरून.

घड्याळाचा आकडा दाखवला. "आठशे? ढब्बूताई, एवढ्यात तर तू वितळली असतीस!" हे नाव घ्यायची परवानगी जगात फक्त त्याला आहे. मग गंभीर झाला. "मी मागितलेली नाही हं किडनी." म्हटलं, गप्प पड. तू मागितलंस म्हणून तुला कधी काय दिलंय मी?

१७ मार्च, रविवार

८४१! पुन्हा लोणी-पाव.

२४ मार्च, रविवार

८७.१. वाढलं!! वजनकाट्याला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

२५ मार्च, सोमवार

माझ्यासारखी मूर्ख मीच.

वजनमाप खात्यात बावीस वर्षं झाली. दुकानादुकानात जायचं, आपली प्रमाणित वजनं त्यांच्या काट्यावर ठेवायची, फरक निघाला की काटा जप्त. "मॅडम, काटा अगदी नवा आहे हो," असं म्हणत मालक मागे मागे येतो. आजवर कुणाच्या शब्दावर मी विसंबले नाही. आणि मनगटावरच्या या डबड्याला मी विचारलंसुद्धा नाही, की बाबा रे, तू मला ओळखतोस का?

आज ॲप उघडून माहितीचं पान बघितलं. पुरुष. उंची सहा फूट. वजन १०४. नवऱ्याचं सगळं तसंच! त्याला दाखवलं. तो म्हणाला, "अरेच्चा." एवढंच! तीन आठवडे मी नवऱ्याच्या देहाने डोंगर चढत होते आणि स्वतःच्या तोंडाने खात होते!

धाकट्याला फोनवर सांगितलं. इतका हसला की खोकला लागला. कितीतरी दिवसांनी असा हसला. तेवढ्यासाठी अंगठा सुजला तर सुजला.

३१ मार्च, रविवार

आज रीतसर तपासणी केली. घड्याळात माझं वजन, माझी उंची, माझं वय (खरं!) भरलं. फोनमध्ये दुसरं ॲप. आणि छातीला पट्टा, जो ठोके मोजतो. पट्टा खडूसचा. खडूस म्हणजे ऑफिसातला दुसरा निरीक्षक. दुकानदाराकडे बघून हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही त्याला. रोज सकाळी धावतो, म्हणून पट्टा.

तीच टेकडी, तीच बाई, तोच दिवस. घड्याळ म्हणतं ६१२, ॲप म्हणतं ४९८, पट्टा म्हणतो ४३१. दुकानात असे तीन काटे सापडले असते तर तिन्ही उचलून नेले असते!

फोन करून खडूसवर तणतणले. तो शांतपणे म्हणाला, "रोज सारखंच खोटं बोलणारा काटा चालवून घेता येतो. आकडा सोडा. गेल्या रविवारपेक्षा कमी का जास्त, तेवढं बघा." शहाणा आहे. हसत नाही, पण शहाणा आहे.

आजपासून जळालेल्या कॅलरी खायच्या नाहीत. जळाल्या, विषय संपला. आणि घरचा काटा दर सोमवारी ऑफिसच्या वजनांनी तपासायचा.

१४ एप्रिल, रविवार

८४.९. खाली उतरतंय! माथ्यापर्यंत एकदाच बसले, तेही बुटाची नाडी सुटली म्हणून. (सुटली नव्हती.)

२ जून, रविवार

८१.३!! कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. नवरा म्हणाला, "अशीच बारीक होत गेलीस तर शोधायची कुठे तुला?" आता तोही रविवारी निम्म्यापर्यंत येतो आणि बाकावर बसून माझी वाट बघतो. घड्याळाला वाटतं मी ५३० जाळल्या. वाटू दे बिचाऱ्याला.

३० जून, रविवार

दोन आठवडे काटा ७९.९ वर चिकटून बसलाय. धाकट्याच्या हाताला सूज, तीन दिवस ताप. काल भेटायला गेले तर म्हणाला, "ताई, नाही जमलं तरी चालेल. तू केलंस तेवढं खूप झालं." असं तो बोलूच कसा शकतो?

मला भीती वाटते. हे कुणाला सांगत नाही, इथेच लिहिते. जेमतेम दोन किलोसाठी माझा भाऊ जाईल याची भीती वाटते.

टेकडी आज दोनदा चढले. दुसऱ्यांदा चढताना रडत होते. घड्याळ म्हणालं, "छान वेग!"

२१ जुलै, रविवार

७८.२. धाकट्याचा ताप गेला. दोनशे ग्रॅम! दोनशे ग्रॅम म्हणजे किती, एक वाटी!

२४ जुलै, बुधवार

सकाळी घरी ७७.८. नाचले. खरंच नाचले, खालच्या मजल्यावरच्या आजी वर बघायला आल्या.

अकराला हॉस्पिटल. त्यांच्या काट्यावर ७९.२.

बूट काढले. कानातलं काढलं. ७९.२. नर्स बिचारी चांगली होती. म्हणाली, "शुक्रवारी समिती बसते. आजचं वजन हे असं गेलं तर पुढची बैठक सहा आठवड्यांनी." सहा आठवडे! धाकट्याच्या हाताला कोण सांगणार? म्हटलं, तुमच्या काट्यात काही फरक तर नाही? ती म्हणाली, "मॅडम, काटा अगदी नवा आहे हो."

हे वाक्य! बावीस वर्षं मी हे वाक्य ऐकतेय! डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं.

म्हटलं, उद्या दुपारपर्यंत कागद पुढे पाठवू नका.

२५ जुलै, गुरुवार

आधी स्वतःवरच शंका घेतली. ऑफिसच्या प्रमाणित काट्यावर उभी राहिले. ७७.८. माझा काटा खरा.

पण आपल्याच कामात आपणच तपासणी करायची नाही, हा नियम. खडूसकडे गेले. वाटलं, नाही म्हणेल. त्याने ऐकून घेतलं, टोपी घातली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "वीस किलोची चार वजनं गाडीत टाका. आणि आपला काटा."

हॉस्पिटलमध्ये मी भिंतीला टेकून उभी. कशालाही हात लावला नाही. नर्स, दोन डॉक्टर, झाडूवाल्या मावशी, सगळे बघत होते. खडूसने एकेक वजन ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. वीसला २०.४. चाळीसला ४०.७. साठला ६१.१. ऐंशीला ८१.४! माझं हृदय इतकं धडधडत होतं की घड्याळाने विचारलं, "व्यायाम सुरू केलात का?" हो बाबा, केला!

मग आपला काटा मांडला. मी चढले. खडूसने वाकून, चष्मा पुसून, पुन्हा वाकून वाचलं: "सत्त्याहत्तर पूर्णांक आठ."

किडनीच्या डॉक्टरांनी समोर उभं राहून आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. मग म्हणाले, "याच काट्यावरून आम्ही आणखी कुणाला परत पाठवलं असेल..." आणि नर्सला जुनी यादी काढायला सांगितली. खडूसने त्यांच्या काट्यावर 'वापर बंद'ची चिठ्ठी चिकटवली. जाताना माझ्याकडे बघून तो हसला. मी साक्षीदार आहे. हसला!

२६ जुलै, शुक्रवार

समितीने हो म्हटलं. हो!!!

१२ ऑगस्ट, सोमवार

उद्या ऑपरेशन. घड्याळ काढून नवऱ्याच्या हातात बांधलं. त्यात माझंच वजन, माझंच वय आहे. म्हटलं, असू दे, आता तू माझ्या देहाने जिने चढ-उतर. तो हसला नाही. हात घट्ट धरून बसला होता.

१४ ऑगस्ट, बुधवार

टाके ओढतात, थोडंच लिहिते. पलीकडच्या वॉर्डातली नर्स हसू दाबत आली. धाकट्याचा निरोप, जसाच्या तसा: "ढब्बूताईला सांगा, नळ सुटला." पहिल्याच तासात सहाशे वीस मिली.

मी विचारलं, ज्यात मोजलं ते माप तपासलेलं आहे ना?

ती म्हणाली, "तुम्ही हेच विचाराल, हेही सांगितलंय त्यांनी."