पाहुण्यांचा पट्टा

टॅमरॅक
१५ ऑगस्ट

ती. एनारमामांस,
ऑरिनचा सा. न. वि. वि.

आज आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सराव सुरू झाला, म्हणजे घरच्या नियमाप्रमाणे आपली बोलाचाल बंद. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी टॅमरॅक आणि वॉलिस भिडेपर्यंत, आदल्या दिवशीचं मैदानाचं काम सोडलं तर, मी ओढा ओलांडून तुमच्या वॉलिसला येणार नाही, तुम्ही इकडे येणार नाही, फोनही नाही. आजोबांनी जेवताना आमच्या क्वार्टरबॅकच्या दुखऱ्या गुडघ्याची बातमी तुमच्यासमोर बोलून टाकली, तेव्हा आजीने ही बंदी घातली. पत्राला तेवढी सूट दिली, कारण माणूस पत्र विचार करून लिहितो, असं ती म्हणायची. मी जरा जास्तच करतो. हे पत्र तिसऱ्यांदा उतरवलेलं आहे.

डिसेंबरात तुम्ही निवृत्त झालात की वॉलिसचं मैदान मी सांभाळावं, असं तुम्ही जुलैत म्हणालात. आई तेव्हापासून रोज विचारते, तुझं ठरलं का. तुमचे वरिष्ठ क्विग्लीसाहेब मला ओळखत नाहीत, सामन्याच्या दिवशी मी राखतो ते आमचं मैदान बघून ठरवणार आहेत, हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही. मामा, मी अकरावी अर्धवट सोडलेला माणूस. तुमच्याकडे आता गवताची पदवी घेतलेली मुलं येतात. आखलेली रेघ सरळ येते, एवढंच माझं शिक्षण.

इकडे गावात वातावरण गढूळ आहे. वॉलिस पुढच्या वर्षी आपला डोंगरी कॉलेजांचा स्पर्धागट सोडून किनाऱ्याच्या मोठ्या गटात चाललं, ते टीव्हीच्या पैशासाठी, हे सगळ्यांना कळतं, पण गिळवत नाही. न्हाव्याने वॉलिसच्या गिऱ्हाइकांना दोन डॉलर जास्त लावायला सुरुवात केली आहे. पुढच्या वर्षीपासून आपला सामना होणार का, हे कुणीच सांगत नाही. इतकी वर्षं चालत आलेली गोष्ट अशी मुकाट्याने कशी थांबते?

मामींना नमस्कार. लोभ आहे तो राहू द्यावा, सामन्याच्या दिवशीसुद्धा.

आपला,
ऑरिन


वॉलिस
७ सप्टेंबर

चि. ऑरिन यास,
एनारमामाचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. तीनदा उतरवलेलं दिसतंच आहे, खाडाखोड औषधालाही नाही. त्या न्हाव्याला सांग, माझ्या डोक्यावर आता दोन डॉलरचे केस उरलेले नाहीत.

आता नीट ऐक. जे आहे ते आहे. टीव्हीवाले त्या गटाला जे देतात ते आपल्या डोंगरी गटाने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. इथे सहा मजली काचेची इमारत उभी राहते आहे, खेळाडूंच्या झोपेचा हिशेब ठेवायला वेगळा डॉक्टर आलाय. आमचं जांभळं निशाण देशभर दिसणार म्हणून मला अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू? दुसरी बाजूही आहे. आमच्या व्हॉलीबॉलच्या पोरी पुढच्या वर्षी बुधवारी विमानाने दुसऱ्या समुद्राला जाणार आणि शुक्रवारी परत येऊन परीक्षा देणार. कालच त्यातली एक मला म्हणाली, आजोबा, मी इथे शिकायला आलेय की हवाईसुंदरी व्हायला? मी म्हटलं, बाई, मला विचारू नकोस, मी गवत कापतो.

आणि तेही आता फार दिवस नाही. उन्हाळ्यात गवत उपटून प्लास्टिकचं मैदान घालणार आहेत. तरी सांभाळायला माणूस लागतोच, आणि तो माणूस तू असावास. पगार दुप्पट. दाताचा विमा आहे. दाढ दुखली तर डॉक्टरकडे जाशील, तुझ्या बापासारखा पक्कड घेऊन पडवीत बसणार नाहीस. तुमचं टॅमरॅक मागे राहिलेलं आहे, बाळा. बुडत्या बोटीवर रेघा आखत बसू नकोस.

पदवीवाल्यांचं म्हणशील, तर ती पोरं चांगली आहेत, कामसू आहेत. त्यांच्याकडून तूही शिकशील. घाबरतोस कशाला?

सिग्नेला, तुझ्या आईला, सांग, माझ्या वाट्याचा प्लमचा मुरंबा सामन्यापर्यंत संपवू नये. सर्वांस आशीर्वाद. तुझं चांगलं व्हावं म्हणून टोचून बोलणारा,

एनारमामा


टॅमरॅक
२६ ऑक्टोबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती खोटी निघावी अशी इच्छा आहे.

आमच्या खेळ विभागाच्या प्रमुख मिसेस ब्रुकर यांनी काल मला बोलावलं. यंदाचा सामना प्रथमच देशभर दाखवणार आहेत. वेळही टीव्हीने ठरवली, संध्याकाळी साडेसात. नोव्हेंबरात त्या वेळी आमच्याकडे काय गारठा असतो ते त्यांना कोण सांगणार! मैदान कसं रंगवायचं याचं चित्रही आलं आहे. त्यात मधलं चिन्ह आहे, दक्षिण टोकाच्या पट्ट्यात आमचं नाव आहे आणि उत्तर टोकाच्या पट्ट्यात तुमचं. बाई म्हणाल्या की दोन्ही पट्टे आपणच रंगवायचे, कारण वॉलिसच्या नव्या करारात त्यांच्या माणसांनी दुसऱ्याच्या मैदानावर काम करणं बसत नाही.

मी विचारलं, म्हणजे शुक्रवारी एनारमामा येणार नाहीत? बाई म्हणाल्या, ऑरिन, मलाही वाईट वाटतं, पण या एका प्रक्षेपणाच्या पैशातून आपल्या मुलींच्या धावण्याच्या संघाची वर्षभराची बस निघते. त्या संघात माझी मावसबहीण आहे.

पण मामा, पाहुण्यांचा पट्टा पाहुण्यांनीच आपल्या हातांनी रंगवायचा, हे तर आपल्या दोन मैदानांत कायमचं. मी चालायला लागलो तेव्हापासून तुम्हाला जांभळे डबे घेऊन उत्तरेच्या पट्ट्यात उतरताना बघतो आहे. काम झालं की गाडीच्या मागच्या फळीवर बसून चिलीचा गरम रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल खायचे, आणि तुम्ही आमच्या गवताला नावं ठेवायची. यंदा रोल कोणासाठी आणू?

उत्तराची वाट बघतो. मायेत अंतर नसावे, बाकी अंतर आहेच.

आपला,
ऑरिन


वॉलिस
९ नोव्हेंबर

चि. ऑरिन यास,
अ. उ. आ.

बातमी खरी आहे. मी क्विग्लीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एनार, माझे हात बांधलेले आहेत. माणूस वाईट नाही.

मी यंदा तिकीट काढून येणार. तुमच्या उत्तरेच्या टेकाडावर, पट्ट्याच्या मागे, आमच्या लोकांत बसणार. इतकी वर्षं मैदानात उभा राहिलो, तिथून सामना कसा दिसतो ते मला माहीतच नाही. तुझी मामी म्हणते, तू तिथेही उठून गवत बघायला जाशील.

आमचं नाव आता तुझ्या हातचं. साहेब वर काचेच्या खोलीत टीव्हीच्या पडद्यासमोर बसणार आहेत, तेव्हा हीच तुझी परीक्षा समज. अक्षर गचाळ आलं तर मी सिग्नेकडे तक्रार करीन. आणि रोल आण. बंदी सामन्याच्या शिट्टीबरोबर संपते. थंड झाले तरी खाईन.

काळजी थोडी कमी करावी, हाच आशीर्वाद.

एनारमामा


टॅमरॅक
३० नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आज बंदी संपलेली असताना मी पत्र लिहितो आहे, कारण तुमच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही. आईने जेवायला बोलावलं तरी मी येणार नाही. काल रोलही तुमच्यापर्यंत आले नाहीत. ते मी अवजारांच्या खोलीत एकट्याने खाल्ले, आणि मला चव लागली नाही.

वीस-सतरा असा सामना आम्ही जिंकलो, आणि त्याच दिवशी मी तुमचं नाव देशभर उलटं दाखवलं.

शुक्रवारी मी एकट्याने तुमचा पट्टा रंगवला. स्पेलिंग चित्राशी ताडून पाहिलं, दोन एल आहेत की नाहीत तेही. कडा चाकूने कापल्यासारख्या आल्या होत्या. मला स्वतःलाच बरं वाटलं. मग सामना सुरू झाला. टीव्हीने तारेवर टांगलेला कॅमेरा आणला होता, तो आमच्या दक्षिणेच्या बाजूने सगळं मैदान दाखवत होता. मध्यंतरात मिसेस ब्रुकर धावत खोलीत आल्या आणि म्हणाल्या, ऑरिन, हे काय केलंस? पडद्यावर वॉलिस डोकं खाली, पाय वर. निवेदक हसत होते. या वर्षातला सगळ्यात झोंबणारा टोमणा, असं म्हणत होते. क्विग्लीसाहेबांचा फोन येऊन गेला होता. बाईंनी त्यांचे शब्द मला सांगितले नाहीत.

मामा, मी टोमणा मारला नाही. चित्रात मी अक्षरं पाहिली, मापं पाहिली. ती कुणीकडे तोंड करून असावीत, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. तुम्ही नेहमी अक्षरांचे पाय टेकाडाकडे काढता, म्हणून मीही टेकाडाकडे काढले. आमच्याकडे पाहुण्यांचं नाव तसंच असतं. दुसरीकडून कुणी बघत असेल, असं मला वाटलंच नाही.

तुमच्या जागेचा विषय संपला, हे मला समजतं. मला वाईट वाटतं ते तुमचं. तुम्ही तिथे तुमच्या लोकांत बसला होतात, आणि मी तुम्हाला मान खाली घालायला लावली. सामन्याआधी टेकाडावरून मोठा गलका ऐकू आला होता. लोकांनी फोनवर पडद्यावरचं चित्र पाहिलं असणार, तो कसला ते आता कळतं आहे.

क्षमा करता आली तर करावी. लोभ मागायला तोंड नाही.

ऑरिन


वॉलिस
३ डिसेंबर

चि. ऑरिन यास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे गाढवा, तू अवजारांच्या खोलीत बसलास आणि सगळं चुकवलंस. आता मी सांगतो ते बसून वाच.

आम्ही सगळे तोंड पाडून टेकाडावर आलो. टीव्हीवाल्यांच्या चित्राप्रमाणे पट्टा रंगवणार, हे गावभर झालं होतं. आमच्यात बोलणं चाललं होतं की नाव आता कॅमेऱ्याकडे तोंड करून असणार, आपल्याला पाठ बघत बसायचंय. पॅट माळीण आहे ना, आमच्या शाळेची जुनी बागवाली, ती म्हणाली, एनार, मी ब्लँकेट आणलंय ते डोक्यावर घेऊन बसते. मग दिवे लागले. खाली बघतो तर आमचं नाव आमच्याकडे बघतंय! जांभळं, नेटकं, पाय आमच्याकडे, नेहमीसारखं. मग पॅट उठली, आणि तिच्यामागे सगळं टेकाड उठलं. लोकांनी टोप्या काढल्या. तो गलका त्याचा, मूर्खा. आमचं कॉलेजचं गाणं आम्ही इतकं बेसूर कधी म्हटलं नव्हतं.

शेजारच्याने विचारलं, हे कुणी काढलं? मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या मुलाने. मग पुढच्या रांगेने विचारलं, मग मागच्या. सामना संपेपर्यंत मी तेच सांगत होतो. हरलो, तेही मला नंतर कुणीतरी सांगितलं.

सोमवारी क्विग्लीसाहेबांनी बोलावलं. लाल झाले होते. मी त्यांना सांगितलं, साहेब, तुम्ही ते पडद्यावर पाहिलंत, आम्ही ते टेकाडावरून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, माझे वडील त्याच टेकाडावर बसायचे. आणि पुढे म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, त्याला ये म्हणावं. पण आपल्याकडे नाव कॅमेऱ्याकडे बघणार, हे त्याला आधीच स्पष्ट सांग.

ते मी सांगितलं. जागा तुझी आहे. नाताळापर्यंत कळव. तू यावंस असं मला वाटतं, ते तुला माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. रविवारी जेवायला आला नाहीस तर मात्र मीच येऊन ओढून नेईन.

तुझ्यामुळे गर्विष्ठ झालेला,
एनारमामा


टॅमरॅक
१४ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रविवारी जेवताना मी हे बोलू शकलो नाही, कारण तुम्ही फार आनंदात होतात आणि आईने मुरंबा काढला होता. म्हणून लिहितो. मी वॉलिसला येणार नाही.

क्विग्लीसाहेबांनी आधी स्पष्ट सांगितलं, हे त्यांचे उपकार. न सांगता बोलावलं असतं तर मी आलो असतो, आणि पहिल्याच सामन्याला पुन्हा चुकलो असतो. मी खूप विचार केला. मला नाव माणसांकडेच तोंड करून काढता येतं. शिवाय तिथे उन्हाळ्यानंतर काढायचंही काही नसेल, नाव प्लास्टिकच्या गवतात कारखान्यातूनच शिवून येणार. काम हलकं होईल, पगार दुप्पट होईल, आणि मी दिवसभर काय करीन, मामा?

मिसेस ब्रुकर यांनी मला इथल्या मैदानाचा मुख्य केलं आहे. त्या म्हणाल्या, पगार फारसा वाढवता येणार नाही, वाढवते म्हटलं तर खोटं आश्वासन होईल. आमच्या गटात आता पाच कॉलेजं राहिली, दोन नवी येतील, सगळी बसने जाण्याच्या अंतरावर. मोठा टीव्ही येणार नाही. मी हो म्हणालो. म्हणताना माझा आवाज कापला नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

बाकीच्या सहाही मैदानांच्या माणसांना मी पत्रं पाठवली आहेत की आमच्याकडे सामना असेल तेव्हा आदल्या दिवशी आपला रंग घेऊन यावे, उत्तरेचा पट्टा आपला आहे, जेवण आमच्याकडे. तिघांचं उत्तर आलं. एकाने विचारलं, चिलीत बीन्स घालता का.

आम्ही मागे राहिलो, असं तुम्ही लिहिलं होतंत. राहिलो खरे. मी काल मैदानाच्या मधोमध उभा राहिलो आणि मला ते अजिबात लाजिरवाणं वाटलं नाही. तुमची जागा मी नाकारली, तुम्हाला नाही. एवढं मात्र माझ्यावर रागावताना ध्यानात ठेवावे.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला,
ऑरिन


वॉलिस
४ जानेवारी

चि. ऑरिन यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं त्या दिवशी मी रागावलो. दुसऱ्या दिवशीही रागावलो. तुझी मामी म्हणाली, त्याच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? मी त्या दिवशी जेवलोच नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

माझा निरोपसमारंभ झाला. केक जांभळा होता. क्विग्लीसाहेब छान बोलले. मी आभार मानायला उठलो आणि माझं सोडून तुझंच सांगत बसलो, की माझा भाचा टॅमरॅकचा मैदानप्रमुख आहे, एवढ्या लहान वयात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वॉलिसच्या माणसांनी, टॅमरॅकच्या माणसासाठी. आपल्या घरात हे कुणी पाहिलं नव्हतं.

आता कामाचं. सोमवारपासून मी रिकामा आहे. घरात बसलो तर मामी मला विकून टाकील. तू मुख्य झाला आहेस, हाताखाली मात्र कोणी नाही, असं सिग्ने सांगते. मला दाताचा विमा आहे, गुडघे बरे आहेत, आणि मुख्य सांगेल ते ऐकायची तयारी आहे, निदान सकाळच्या वेळी. ऑगस्टातली बंदी आता कुणावर घालायची, ते तुम्ही दोघं मायलेक ठरवा.

पगाराचं नंतर बघू. आधी कोणत्या फाटकाने यायचं ते कळवावे. तुमच्या मैदानात मी आजवर फक्त पाहुण्यांच्या फाटकाने आलो आहे.

कृपादृष्टी असू द्यावी, साहेब.

आपल्या हुकमातला,
एनारमामा