काचेच्या आतली वाफ

४ नोव्हेंबर
हिच्या फोटोत पाणी शिरलंय! काच आणि कागदाच्या मध्ये, खालच्या कोपऱ्यात, नखाएवढा ओला डाग. भिंतीला हात लावून पाहिला — कोरडी ठणठणीत. मग आलं कुठून?

६ नोव्हेंबर
डाग खांद्यापर्यंत आला. पाणी वर चढतंय! शाळेच्या पुस्तकातले सगळे ओढे खाली धावायचे.

७ नोव्हेंबर
नात येऊन गेली. कॉलेजात ती हेच शिकते — अरुंद फटीत पाणी कसं वागतं. काचेच्या दोन पट्ट्या घेतल्या. एका कडेला चिकटवल्या, दुसऱ्या कडेला मध्ये आगकाडी. माझ्याच चहाच्या बशीत उभ्या धरल्या. काडीकडे चहा जेमतेम चढला; चिकटल्या कडेला मात्र सरसर वर!
"जागा जितकी कमी, तितकं वर, आजोबा. आणि अगदी सूक्ष्म फटीत अडकलं की मधासारखं संथ होतं. सुकायचं नावच नाही. म्हणून फोटो नि काचेत अंतर ठेवतात."
फ्रेमवाला पुठ्ठ्याची चौकट घालतो म्हणाला होता. मीच नको म्हटलं. आमच्या दोघांत पुठ्ठा कशाला!
"रोज काचेला नाक लावून कविता म्हणता ना? तुमचाच श्वास आहे हा. जन्मभर आजीला छळलंत, आता बुडवताय!"
हसली. मग डाग निरखून पाहिला. चेहऱ्यापर्यंत पोचलं तर रंग काचेला चिकटतील, चेहरा जाईल म्हणे. हिचा दुसरा फोटो नाही. रविवारी येऊन काच सोडवणार. तोवर लांबून बोला, म्हणाली.

८ नोव्हेंबर
खुर्ची खिडकीशी नेली. बोललोच नाही. घर नको इतकं मोकळं वाटतं.

१० नोव्हेंबर
डाग हनुवटीशी. मी तर इतका लांब!

११ नोव्हेंबर, शनिवार
राहवलं नाही. खुर्चीतूनच, तोंडाला रुमाल लावून, पाचवीतली ओढ्याची कविता म्हणायला घेतली. तिसऱ्या कडव्यात अडलो. नेहमीची जागा. इथे ही भाजी निवडता निवडता, मान वर न करता, पुढची ओळ सांगायची.
काचेवर, तिच्या ओठांपाशी, वाफ धरली.
उठून बोटानं पुसली. पुसेना — आतून होती.
आणि ओळ आठवली.

१२ नोव्हेंबर, रविवार
नात दार वाजवून वाजवून गेली. उघडलं नाही. चौथं कडवं राहिलंय.