एका बुटजोडाला लागणारं पाणी

लातूर,
८ मे १९८३

ती. व्यंकटराव दाजी आणि सौ. पारूअक्का यांस,

ग्यानोबाचा आणि सरजाबाईचा सविनय जयभीम. इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे नळाला नवव्या दिवशी पाणी येत असताना माणसाला जेवढं खुशाल राहता येतं तेवढे आहोत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? अक्काचा खोकला थांबला का? तुम्ही नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणाच्या कामावर, गोदावरी हाकेच्या अंतरावर, आणि तिथं रोज आंघोळ होते असं अक्कानं लिहिलं होतं. वाचून आनंद झाला. (सरजाबाईला झाला नाही. तिनं ते पत्र घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं.)

पत्रास कारण एवढंच. साखरपुड्यात तुम्ही चार माणसांसमोर म्हणाला होतात, "ग्यानोबा, पोरीच्या लग्नात तरी चपला फटफटवत फिरू नकोस. बूट शिवून घे आणि झाले की कळव." तर बूट झाले, म्हणून कळवतो. याला पोस्टकार्ड पुरलं असतं. पण ते कसे झाले हे तुम्हाला कळावं म्हणून अंतर्देशीय घेतलं आहे.

तयार बूट माझ्या पायात जात नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे. बहात्तर सालच्या दुष्काळी कामावर उजव्या अंगठ्यावर धोंडा पडला, तेव्हापासून तिथलं हाड लिंबाएवढं बाहेर आहे. (खडी फोडणारे दोनशे माणूस होते, एकाला खरचटलं नाही. हजेरी घेणाऱ्यावर पडला.) लातुरातली तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदारानं बूट द्यायचे सोडून मला औशाचा पत्ता दिला. औशाला किल्ल्याच्या बाजूला शंकरप्पा म्हणून कारागीर आहे, पासष्टीचा असेल, तो मापाचे बूट शिवतो. त्यानं मला जुन्या वर्तमानपत्रावर उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली, मग कागदाची पट्टी गुंडाळून तिला नखानं खुणा केल्या. त्या हाडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "लई मायाळू पाय हाय साहेब. धोंड्याला बी जागा दिली." नंतर पायाच्या आकाराचं लाकडी कलबूत काढून त्याच्यावर चामड्याचा तुकडा ठोकला आणि माझं हाड हुबेहूब तयार केलं. दाजी, अकरा वर्षं हे हाड मी लपवतो आहे, आणि त्या माणसानं ते दहा मिनिटांत लाकडावर उठवून भिंतीला टांगलं.

सगळं झाल्यावर त्यानं अट घातली. चामडं भिजल्याशिवाय कलबुतावर ताणून बसत नाही, आणि भिजवायला घरात पाणी नाही. "ह्या उन्हाळ्यात ज्याचे बूट त्याचं पाणी. तुमी तर पाण्याचेच साहेब." हे खरं आहे. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत मी टंचाईच्या टेबलावर आहे, कोणत्या गावाला टँकर जायचा त्याचा तक्ता माझ्याच हातचा असतो. (दुष्काळ असं आम्ही लिहीत नाही, टंचाई लिहितो. तहान तेवढीच लागते.) पण त्या तक्त्यात गावं आहेत, माझं घर नाही, हे शंकरप्पाला कसं पटवणार? मी मान हलवली आणि घरी आलो.

सरजाबाईनं दोन दिवस धुणं बंद ठेवून तेलाचा रिकामा कॅन भरून दिला. (कॅन धुवायला पाणी गेलं ते वेगळंच, आणि तेलाचा वास तरी राहिलाच.) तो मांडीवर घेऊन मी औशाच्या बसमध्ये बसलो. दाजी, सोन्याची पेटी घेऊन बसलो असतो तर इतकं कोणी बघितलं नसतं. शेजारच्या म्हातारीनं तर तिकीट काढल्यासारखा कॅनवर हातच ठेवला. निम्म्या वाटेत बसच्या तोंडातून वाफा निघाल्या. ड्रायव्हर खाली उतरला, झाकण उघडून बघितलं, परत आला आणि सरळ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, तुमचे बूट मोठे का हे पन्नास माणूस?" बुटांचं त्याला मीच मघाशी सांगितलं होतं, ही माझी चूक. पन्नासही माना माझ्याकडे वळल्या. सगळा कॅन त्या इंजिनानं प्यायला. औशाला मी रिकाम्या कॅनसह उतरलो आणि पुढच्याच बसनं परत.

दुसरा कॅन मात्र शंकरप्पाच्या उंबऱ्यापर्यंत गेला. बसमध्ये विचारलं तेव्हा मी तो औषधाचा आहे असं सांगितलं. (खोटं बोललो. तक्त्यात बोलतो त्यापेक्षा कमीच.) पण मी पोचलो आणि माझ्या मागोमाग शंकरप्पाचे व्याही पोचले, निलंग्याहून, भर उन्हात, सहा माणूस. शंकरप्पाची बायको नागम्मा दारात आली. आत रांजण खडखडीत. तिनं पाहुण्यांकडे बघितलं, मग माझ्या कॅनकडे, मग जमिनीकडे. शंकरप्पा खाली मान घालून आरीला धार लावत बसला, वर बघेचना. मी कॅन पुढं सरकवला. नागम्मानं सहा पेले भरले आणि सातवा माझ्याच पाण्याचा मला दिला. तेलाचा वास येत होता, पण व्याही म्हणाले, "औशाचं पाणी गोड हाय."

त्या दिवशी शंकरप्पाची ती खाली घातलेली मान मला फार लागली. बूट होणार नाहीत याचं तेव्हा काही वाटलं नाही. दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायची वेळ येणं वाईट. बसमध्ये बसून मी सहाला सहा पेले लागले तर लग्नाला येणाऱ्या तीनशेला किती, असला हिशेब करत आलो. हिशेब काही बरा निघाला नाही.

मग मी औशाला गेलोच नाही. लग्नात चपलाच घालायच्या आणि तुमची बोलणी खायची असं ठरवलं. पण परवा शंकरप्पा स्वतः कचेरीत हजर. पिशवीतून बूट काढून माझ्या टेबलावर, टँकरच्या तक्त्यावरच ठेवले. तांबूस रंग, दुहेरी टाके, उजव्या बाजूला हाडापुरती पोकळी, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मी विचारलं, पाणी कुठून आणलं? म्हणाला, "ते इचारू नका. नागम्मा म्हनली, ज्यानं आपली लाज झाकली त्याचे पाय झाकायचे." दाजी, मी तिथं सगळ्यांसमोर रडलो. साहेबांनी काय झालं विचारलं तर बूट झाले म्हणून सांगितलं.

तर बूट असे झाले. बाकी विशेष काही नाही. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि पाणी उकळून प्या, तुमच्याकडे उकळण्याइतकं आहे.

तुमचा,
ग्यानोबा

ता. क. : बूट घालून चाललो तर कर्र कर्र वाजतात. शेजारी तहसीलदार आले समजून दार उघडतात.

ता. क. : मागच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला तेव्हा मी तुम्हाला पेढे पाठवले होते, आणि साखरपुड्यात सगळ्यांसमोर बोललो होतो की लग्न नवरीच्याच दारात होईल, नांदेडपेक्षा आता आम्ही काही कमी नाही. ते मी बोललो होतो हे मला आठवतं. तुम्हाला आठवत नसेल तर बरं.

ता. क. (ही कडेला लिहिली आहे, पत्र आडवं धरा) : छापखान्यात पत्रिका तयार आहे, फक्त लग्नाच्या जागेची ओळ मी कोरी ठेवायला सांगितली आहे. एकोणतीस तारखेला तीनशे माणूस माझ्या दारात येणार आणि माझ्या घरात दोन घागरी आहेत. नवरदेव नांदेडचा आहे, त्यांना तुमच्याकडचा मांडव जवळ पडेल. म्हणजे त्यांची सोय म्हणून लिहितो आहे, माझं काही नाही. बघा, जमलं तर. नाही जमलं तर बुटांचं तेवढं वाचा आणि पत्र फाडून टाका.

ता. क. : मामा, आत्या, हे मी लिहिते आहे, नवरी. अण्णांनी पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचता आलं. दोन दिवसांत ते दोनदा नवे बूट घालून नांदेडच्या गाडीसाठी स्टँडवर गेले, तुम्हाला तोंडानं विचारायला. दोन्ही वेळा परत आले. एकदा गाडी चुकली म्हणाले, एकदा बूट चावतात म्हणाले. बूट चावत नाहीत. तुम्ही हो म्हणालच, पण विचारलं म्हणून म्हणू नका. हे पत्र मिळालंच नाही असं समजा आणि तुमच्याकडून एक रागाचं पत्र टाका, की भाचीचं लग्न मी माझ्याच दारात करणार, ग्यानोबा, तू मध्ये एक शब्द बोलायचा नाहीस. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन.