पाकिटावरचं नाव

हडसनकाठची छावणी,
१४ नोव्हेंबर १७७९

प्रिय मेहिताबेल,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे दोन्ही पोचले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा चांगलाच लांब आहे. विणताना कुणाशी भांडत होतीस ते कळव. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो लढाईच्या आधीपासूनच कुरकुरतो. त्याचं खापर इंग्रजांवर फोडता येणार नाही. जेवायला मक्याची लापशी आणि खारवलेलं डुकराचं मांस. मांस बऱ्याचदा नसतं, लापशी मात्र चुकत नाही. तू पाठवलेलं कांद्याचं पोतं माझ्या अधिकाऱ्यांनी बघता बघता फस्त केलं. आपल्या वेदर्सफील्डच्या कांद्याला तोड नाही, हे आता मॅसॅच्युसेट्सवालेसुद्धा कबूल करतात, आणि ते सहसा काहीच कबूल करत नाहीत.

जेरेडबद्दल विचारलंयस. नवं काही कळलेलं नाही. इंग्रज पकडलेल्या आपल्या अधिकाऱ्यांकडून पळून न जाण्याचा शब्द घेतात आणि त्यांना त्यांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कजवळ, फ्लॅटबुशच्या डच शेतकऱ्यांकडे राहू देतात. आपला पोरगा लेफ्टनंट आहे, म्हणजे तोही तिथेच असणार. डच बायका पोटभर खाऊ घालतात म्हणे. तू लिहितेस, बाप जनरल असून पोराला सोडवता येत नाही का? अगं, कैद्यांची अदलाबदल क्रमाने होते. आधी सापडला तो आधी सुटतो. जेरेड आत्ता सप्टेंबरात सापडला. त्याला मी रांग मोडून आधी सोडवला, तर ज्यांची पोरं दोन-दोन वर्षं सडताहेत त्या आयांना तोंड कसं दाखवू? रागावशील. रागाव, पण हट्ट धरू नकोस.

बरं, एक गंमत ऐक. काल पांढरं निशाण लावून इंग्रजांची होडी काठाला लागली. आत एक कॅप्टन फेनविक, तोंडावर पावडर, हातात पत्र. मी स्वतः काठावर गेलो. पाकिटावर लिहिलेलं, ‘मिस्टर एल्नाथन थ्रॉल’. मी हात मागे बांधले.

म्हटलं, “यातला जनरल कुठे सांडला, कॅप्टन? नदीत?”

तो म्हणाला, “आमच्या राजाच्या यादीत या नावाचा जनरल नाही, साहेब.”

“मग या नावाचा मिस्टरही इथे नाही. तो वेदर्सफील्डला कांदे लावायचा. आता त्याची बायको लावते. तिकडे घेऊन जा!”

मागे आमची माणसं उभी होती. काय हशा पिकला म्हणून सांगू! टोप्या उडाल्या. फेनविक लालेलाल झाला, सलाम ठोकून होडीत बसला. तेव्हापासून छावणीत दुसरा विषय नाही. ज्यांच्या पायात बूट नाहीत तीही पोरं छाती काढून चालताहेत.

तू म्हणशील, नाकापेक्षा मोती जड. असेल. पण आम्ही जे काही आहोत ते या मोत्यावर आहोत. हुद्दा न लिहिलेलं पत्र घ्यायचं नाही, असा सगळ्या फौजेला हुकूमच आहे.

थंडी वाढतेय. तबेल्याचं छप्पर बघून घे.

तुझा,
एल्नाथन

*

हडसनकाठची छावणी,
१४ नोव्हेंबर १७७९

मा. सेनापती, डावी फळी, यांस

सादर कळवण्यात येते की काल दुपारी शत्रूची होडी निशाणासह आली. तिच्यातून आणलेल्या पत्रावर माझ्या हुद्द्याचा उल्लेख नसल्याने, स्थायी हुकुमास अनुसरून, मी ते स्वीकारले नाही. असे पत्र एकदा जरी स्वीकारले, तरी आम्ही स्वतंत्र राष्ट्राचे सैन्य नसून राजद्रोह्यांची टोळी आहोत असे आम्हीच मान्य केल्यासारखे होईल, आणि शत्रूच्या ताब्यातील आमचे लोक युद्धकैदी न ठरता फासावर चढवण्याजोगे गुन्हेगार ठरतील.

होडीत परत बसताना त्या अधिकाऱ्याने, पत्रातील मजकूर सरकारी नसून माझ्या घरचा आहे, असे दोनदा सांगितले. ही गोष्ट मी विचारात घेतली नाही. नोंद असावी म्हणून कळवत आहे.

आपला आज्ञाधारक,
एल्नाथन थ्रॉल, ब्रिगेडियर जनरल

*

हडसनकाठची छावणी,
९ डिसेंबर १७७९

प्रिय मेहिताबेल,

तुझं पत्र बरेच दिवसांत नाही. रस्ते बंद असतील. इकडे नदी कडेकडेने गोठायला लागली आहे. आम्ही लाकडाच्या झोपड्या बांधतोय, माझ्या झोपडीला चूलसुद्धा आहे, धूर मात्र बाहेर जायचं नाव घेत नाही. आमच्या कर्नल स्टाइल्सला खोकला झाला होता, आता बरा आहे. मीही बरा आहे.

छे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे? लिहितोच.

सोमवारी न्यूयॉर्कातून अदलाबदलीत सुटलेली माणसं आली. त्यांत माझ्याच ब्रिगेडमधला कॉर्पोरल टोनिस व्रीलंड होता. इंग्रजांनी त्याला इस्पितळात पाणी भरायला लावलं होतं. मला भेटायला आला, टोपी काढली. मी म्हटलं, “बोल की बाबा.”

तर म्हणाला, “जनरलसाहेब, रागावू नका. तुम्ही ते पत्र का नाही घेतलंत?”

“कुठलं पत्र?”

“लेफ्टनंटसाहेबांचं. आपल्या जेरेडसाहेबांचं. मीच त्यांना टेकू देऊन बसवलं होतं लिहायला.”

मेहिताबेल, आपला पोरगा फ्लॅटबुशला नाही. पहिल्याच महिन्यात त्याला ताप भरला, तो छातीत उतरला. इंग्रजांच्या डॉक्टरने सांगितलं, इथे राहिला तर जगणार नाही, घरी नेत असतील तर नेऊ द्या. फक्त बापाने एक लेखी शब्द द्यायचा, की अदलाबदल होईपर्यंत पोरगा हत्यार धरणार नाही, आणि गाडी पाठवायची. एवढंच जेरेडने लिहिलं होतं. त्यांच्या कारकुनाने ते आपल्या पाकिटात घातलं आणि वर आपल्या रीतीने नाव लिहिलं.

व्रीलंडने विचारलं ते तूही विचारशील. म्हणून तुला एक सांगतो, जे त्याला सांगितलं नाही. फेनविक जाता जाता वळून म्हणाला होता, “मजकूर घरचा आहे, साहेब.” मग पुन्हा म्हणाला. मागच्या पत्रात मी हे तुला लिहिलं नाही. आणि ऐक, मला कळलं होतं. अक्षर पाहिलं नव्हतं, खात्री नव्हती, पण घरचं म्हटल्यावर इंग्रजांच्या ताब्यात माझं दुसरं आहे कोण? हात पुढे झाला असेल अर्धा. पण मागे ती पोरं हसत होती. ज्यांना वर्षभर कुणी माणसात धरलं नाही ती पोरं. मी हात मागेच ठेवला.

उद्या ती होडी तेच पाकीट घेऊन परत आली तरी मला ते घेता येणार नाही. मी मिस्टर झालो, की त्या इस्पितळातला प्रत्येक पोरगा, जेरेडसुद्धा, दोरखंडाच्या लायकीचा ठरतो. मी डोकं फोडून घेतलं, यातून वाट नाही.

पण तुला आहे. तुला हुद्दा नाही, तुझ्या नावावर कुणाचं राज्य अडलेलं नाही. तू लिही. पाया पड, रड, त्यांच्या राजाला हवं ते म्हण. आई म्हणून लिहिलंस तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. हे पत्र घोडेस्वाराच्या हाती देतोय. त्याला गरम काहीतरी प्यायला दे, आणि तो बसलेला असतानाच लिही.

मला नंतर काय बोलायचं ते बोल. आधी पोराला आण.

एल्नाथन

*

न्यूयॉर्क,
२१ डिसेंबर १७७९

जनरल थ्रॉल यांस,

हे पत्र निशाणाच्या होडीतून उघडंच येईल. मध्ये ज्यांना वाचायचं त्यांनी खुशाल वाचावं. वर तुमचा हुद्दा मी लिहिला आहे. इथल्या कारकुनाने नाक मुरडलं, तर म्हटलं, “मी नवऱ्याला लिहितेय, तुझ्या राजाला नाही.” त्याने ठेवला तसाच.

तुमचं नऊ तारखेचं पत्र आपल्या लेकीने, हॅनाने, माझ्यामागे इथे पाठवलं. ते घरी पोचलं तेव्हा मी निघून गेले होते. ‘बायकोकडे घेऊन जा’ म्हणालात ना? त्या कॅप्टनने ते खरं धरलं. इथून खाडी ओलांडून आपल्याकडे जाणाऱ्या होडीबरोबर पाकीट घरी धाडलं. पाकिटावर तुमचं नाव होतं, तरी मी फोडलं. मला कुठलाही हुकूम नव्हता. पण इतक्या लांबून फिरून यायला त्याला तीन आठवडे लागले.

आपल्या गव्हर्नरांचा परवाना काढला, कांद्याच्या होडीतून खाडी ओलांडली. पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं, “कोण तुम्ही?” म्हटलं, “आई.” त्याने वाट दिली.

जेरेड भेटला. इतका वाळला होता की आधी मी पुढच्याच खाटेकडे गेले. मला बघून म्हणाला, “आई, तू आलीस? मग कांदे कोण बघतंय?” त्याला हलवायची वेळ गेली होती, डॉक्टरने स्पष्टच सांगितलं. चार घास रस्सा पोटात गेला. माझ्याशी पुष्कळ बोलला. शुक्रवारी सकाळी गेला. माझा हात त्याच्या हातात होता.

तुम्हाला जे विचारायचं आहे ते मला ठाऊक आहे. हो, त्याला कळलं होतं. तो नदीकाठचा किस्सा कॅप्टननेच त्याच्या खाटेशी बसून सांगितला होता. जेरेड हसला म्हणे, खोकल्याची उबळ येईपर्यंत हसला, आणि सगळ्या खोलीला ओरडून सांगितलं, “ऐकलंत का? हा माझा बाप!” मला म्हणाला, “आई, बाबांनी बरोबर केलं. तू त्यांच्याशी भांडू नकोस.”

तो बावीस वर्षांचा होता. त्याला म्हणता आलं. मला म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून खरं कळलं, की तुमचा हात अर्धा पुढे झाला होता. बरं झालं लिहिलंत. पण त्याने पोरगा परत येत नाही, एल्नाथन. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माझे वडील तुमच्याबद्दल लग्नातच म्हणाले होते. तेव्हा मी त्यांच्यावर रागावले होते.

इथल्याच चर्चच्या आवारात त्याला ठेवला. पाद्री वही घेऊन आला, नाव विचारलं, आणि लिहिलं, ‘मिस्टर जेरेड थ्रॉल’. मी म्हटलं, “हे खोडा.” तो म्हणाला, “बाई, असं चालत नाही, आम्हाला परवानगी नाही.” मी म्हटलं, “मग खड्डा बुजवायचा नाही.” आणि कडेला उभी राहिले. बर्फ पडत होतं. मातीवाले थांबले, तो थांबला, मीही थांबले. शेवटी त्याने खोडलं आणि मी सांगितलं तसं लिहिलं. मी वाचून घेतलं, मग माती टाकू दिली.

यावरून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका.

लेफ्टनंट जेरेड थ्रॉलची आई,
मेहिताबेल